लगाम धरून उभा असलेला माणूस कोण?

ताई, नमस्कार. मी रेवदंड्याजवळच्या एका गावातली, वय २७. इतिहासात एमए केलंय, तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिकवते. बाबांची घोडागाडी आहे, सीझनला किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात, आणि आमच्याकडे ओहोटीच्या वाळूवर घोडागाडीच्या नि बैलगाडीच्या शर्यती लागतात त्यात आमचा घोडा राजा पळतो. मला या शर्यतींच्या इतिहासावर काम करायचंय. मध्यंतरी अमेरिकेतल्या एका लायब्ररीची फेलोशिप दिसली, घोडे आणि फील्ड स्पोर्ट्स यांचा इतिहास आणि कला असा विषय होता. डिपार्टमेंटला विचारलं तर सर म्हणाले ते मैदानी खेळांचं आहे, फिजिकल एज्युकेशनवाल्यांसाठी असेल, आणि घोड्यावर करायचंच तर पोलो घे, महालक्ष्मीचा रेसकोर्स घे, त्या लोकांना कळेल असं काहीतरी घे. आई म्हणते लग्नाचं बघायचं सोडून हे काय काढलंस. बाबा म्हणाले, घोडा हाय दारात नि घोड्याचं शिकाया तू अमेरिकेत जाणार? माझं इंग्लिश वाचण्यापुरतं बरं आहे, बोलताना अडखळते. विषय बदलू का, की हा नादच सोडू?

— घोडागाडीवाल्याची मुलगी

—

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली, तू सगळ्यांना विचारलंस, सरांना, आईला, मला, पण बाबांना फक्त अमेरिकेचं विचारलंस, शर्यतीचं नाही विचारलंस. त्यावर येतेच, आधी तुझ्या सरांचा गैरसमज दूर करते कारण तो साधा शब्दाचा घोळ आहे आणि त्यात तुझं वर्ष जायला नको.

फील्ड स्पोर्ट्स म्हणजे आपले मैदानी खेळ नव्हेत. आपल्याकडे मैदानी म्हटलं की धावणं, लांब उडी, गोळाफेक डोळ्यासमोर येतं. इंग्लिशमध्ये त्या शब्दाचा जुना अर्थ रानातला नि पाण्यावरचा खेळ असा आहे, म्हणजे शिकार, बंदुकीने पाखरं मारणं, गळाने मासे पकडणं, ससाण्याकडून शिकार करवणं, कुत्रे सोडून घोड्यावरून कोल्ह्यामागे दौडणं. आपल्या कोकणातल्या भाषेत सांगायचं तर पारध आणि गरवणं. त्यामुळे फिजिकल एज्युकेशनचा इथे काही संबंध नाही, ही इतिहासवाल्यांची, चित्रकलेवाल्यांची, लिहिणाऱ्यांची जागा आहे, म्हणजे तुझीच.

तू पाहिलीस ती फेलोशिप बहुतेक व्हर्जिनियातल्या मिडलबर्गची. वॉशिंग्टनच्या पश्चिमेला गाडीने तासा-दीड तासावर छोटं गाव आहे, घोड्यांचाच मुलूख. तिथे नॅशनल स्पोर्टिंग लायब्ररी अँड म्युझियम नावाची संस्था १९५४ साली निघाली, म्युझियम पुढे २०११ साली उघडलं. वीस हजारांवर पुस्तकं आहेत, सोळाव्या शतकापासूनची दुर्मिळ पुस्तकं वेगळ्या खोलीत, आणि शिवाय चित्रं, शिल्पं. जॉन एच. डॅनियल्स यांच्या नावाची फेलोशिप ते २००७ पासून देतात. अट अशी की तिथे राहून त्यांच्या संग्रहावर काम करायचं. प्राध्यापक, पीएचडी करणारे, म्युझियमवाले, ग्रंथपाल, लेखक, पत्रकार अशा सगळ्यांना ते अर्ज करा म्हणतात, म्हणजे तू सीएचबीवर आहेस किंवा पीएचडी झालेली नाही एवढ्याने तुझ्यासाठी दार बंद होत नाही. स्टायपेंड किती नि शेवटची तारीख कोणती हे दरवर्षी त्यांच्या साइटवर बघायचं, कोणाच्या फॉरवर्डवर विसंबायचं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते आणि ती मी स्वतः ठेच लागून शिकलेय. बावीस वर्षांपूर्वी मी बाहेरच्या एका लायब्ररीच्या फेलोशिपला अर्ज केला होता, विषय होता दाभोळ खाडीतली जुनी बंदरं. साडेतीन पानं लिहिली, कोकण किती सुंदर, बंदरं किती जुनी, मी किती तळमळीने काम करणार, सगळं लिहिलं, आणि त्या साडेतीन पानांत त्या लायब्ररीतल्या एकाही पुस्तकाचं, एकाही नकाशाचं नाव नव्हतं. नाही म्हणून पत्र आलं, दोन ओळींचं. मी महिनाभर रडले. मग एका जाणत्या बाईंनी तो अर्ज वाचला आणि विचारलं, "यातलं कुठलं काम तुला रत्नागिरीत बसून करता येणार नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अशी फेलोशिप हुशारीचं बक्षीस म्हणून देत नाहीत ग. त्यांच्याकडे कपाटं भरलेली असतात, ती उघडून कोणीतरी नवीन प्रश्न विचारावा म्हणून ते पैसे देतात. तुझ्या प्रश्नाचं नि त्यांच्या कपाटाचं काय नातं आहे हे पहिल्या परिच्छेदात कळलं तर अर्ज पुढे वाचला जातो.

मग सर म्हणतात तसा पोलो घ्यावा का? माझं मत विचारशील तर मुळीच नको. पोलोवर, इंग्लिश रेसिंगवर तिथल्या लोकांनी ढिगाने लिहिलंय, त्यांची ती घरची गोष्ट आहे, तू तिथे पाहुणी म्हणून जाणार आणि जे त्यांना माहितेय तेच त्यांना सांगणार. महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३चा, त्याचा इतिहास मोठा आहे, चांगला विषय आहे, पण तुझा नाही. तुझ्याकडे जे आहे ते त्या वीस हजार पुस्तकांत नाही. ते कसं मांडायचं एवढाच प्रश्न आहे.

एक काम कर. जुनी घोड्यांची चित्रं बघ, आता बरीचशी ऑनलाइन मोठी करून बघता येतात. कंपनीच्या काळात कलकत्त्यात शेख मुहम्मद अमीर नावाचा चित्रकार होता, तिथल्याच करया भागातला, साहेब लोकांसाठी त्यांचे घोडे, बग्ग्या, नोकर रंगवायचा, १८३० आणि ४०च्या दशकांत. त्याचं घोड्याचं चित्र बघ. घोड्याची कातडी अशी चकाकते की आत्ताच खरारा करून आणलाय असं वाटतं. बाजूला लगाम धरून एक माणूस उभा, पांढरे कपडे, पागोटं, नजर घोड्याकडे. त्याच्या बोटांकडे बघ, लगाम गच्च आवळलेला नाही, सैल धरलाय, घोडा ओळखीचा आहे म्हणून. हे चित्रकाराने नीट पाहून काढलंय. आणि मग खालचं नाव वाच. अशा चित्रांच्या खाली घोड्याच्या मालकाचं नाव सापडतं, कधी घोड्याचंही सापडतं, आणि या माणसाला नुसतं साईस म्हटलेलं असतं, म्हणजे आपला मोतद्दार, घोड्याची निगा राखणारा.

तो माणूस कोण? हा तुझा प्रश्न आहे. तुझ्या बाबांना हातात लगाम धरून उभं राहिलेलं तू लहानपणापासून बघितलंयस. चित्रातला माणूस कसा उभा आहे, त्याने हात तिथेच का ठेवलाय, घोडा घाबरलेला आहे का शांत, हे तुला चित्र बघून कळेल आणि ते कला-इतिहासाच्या पंडिताला कदाचित कळणार नाही. १८०७ साली लंडनमध्ये कॅप्टन थॉमस विल्यमसनचं हिंदुस्थानातल्या शिकारीवरचं मोठं सचित्र पुस्तक निघालं, चाळीस रंगीत चित्रं, त्यातली माणसं बघ, हाकारे घालणारे, माहूत, घोड्यामागे धावणारे, गर्दीच गर्दी. ती चित्रं सॅम्युअल हॉविटने काढली, विल्यमसनच्या रेखाटनांवरून, आणि हॉविट स्वतः कधी हिंदुस्थानात आला नव्हता. मग त्या मोतद्दाराचे हात, त्याची उभं राहायची ढब, ते कुठून आलं? अशी पुस्तकं, इंग्लिश घोडेविद्येची मॅन्युअलं, हिंदुस्थानी लगामांवर, नालांवर, खुराकावर साहेबांनी केलेली टीका, हे मिडलबर्गसारख्या ठिकाणी शोधायचं. त्यांचा कॅटलॉग ऑनलाइन आहे. एक आठवडा रोज रात्री तासभर बस, तुझ्या कामाची पंचवीस नावं काढ, शेल्फ नंबरासकट. सरांचा पोलो घेतला असतास तरी हे करावंच लागलं असतं, पण या प्रश्नाला धरून शोधशील तर कंटाळणार नाहीस.

आणि मूळ विषय म्हणजे किनाऱ्यावरच्या शर्यती, तो सोडायचा नाही. तोच तुझ्या हातातला पुरावा. चित्रातला मोतद्दार बोलत नाही, तुझे बाबा बोलतात.

आता तुझ्या गावाचं सांगते, तुला ठाऊक असेल कदाचित, पण अर्जात येईल असं वाटत नाही म्हणून सांगते. रेवदंड्यात अफानासी निकितिनचं स्मारक आहे ना, त्याच्यासमोरून तू शेकडो वेळा गेली असशील. तो रशियातला त्वेरचा व्यापारी, १४६९च्या सुमारास चौलला उतरला, आणि बरोबर काय आणलं होतं? एक घोडा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शंभर रुबल खर्चून आणलेला. या देशात घोडे जन्मत नाहीत, बैल आणि म्हशी जन्मतात असं त्याने लिहून ठेवलंय, म्हणून तर अरबस्तानातून, खुरासानातून गलबतांत घालून घोडे आपल्या बंदरांत यायचे. तो घोडा घेऊन तो जुन्नरला गेला, तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला आणि म्हणाला मुसलमान हो, घोडा परत देतो नि वर हजार मोहरा देतो. एका खुरासानी ओळखीच्याने रदबदली केली तेव्हा सुटला, घोडाही परत मिळाला. परतताना जहाज पकडलं ते आमच्या दाभोळहून. म्हणजे तुझ्या गावाला उतरला आणि माझ्या गावाहून गेला. दाभोळ हे घोडे उतरायचं मोठं बंदर असंही त्याने नोंदवलंय.

त्यातली मला सगळ्यात आवडती नोंद घोड्यांच्या खाण्याची आहे. इथले लोक घोड्यांना हरभरे घालतात आणि साखर नि तेल घालून खिचडी शिजवून देतात असं लिहिलंय त्याने! आता तू सांग, बाबा राजाला चंदीत काय घालतात? भिजवलेले हरभरे घालत असतील, शर्यतीच्या आधी गूळ, तेल किंवा तूप असं काही वाढवत असतील. किती भिजवतात, तोबऱ्यात देतात की टोपल्यात, शर्यतीच्या किती दिवस आधीपासून वाढवतात, कोणी शिकवलं त्यांना? साडेपाचशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने तुझ्याच किनाऱ्यावर उतरून जी गोष्ट पाहिली तिचं आजचं उत्तर तुमच्या पडवीत आहे. ते लिहून काढलंस तर अर्जाचा पहिला परिच्छेद तयार.

म्हणून म्हटलं बाबांना विचार. आणि लवकर विचार, अमेरिका दोन वर्षांनी पण असेल, पण घोडागाडी हाकणारी पिढी तेवढी थांबणार नाही. मोबाइल समोर ठेव, परवानगी घेऊन रेकॉर्डिंग सुरू कर, तारीख नि जागा बोलून घे सुरुवातीला, आणि एका वेळी एकच गोष्ट विचार. शर्यतीचा इतिहास सांगा असं म्हणालीस तर कोणीच काही सांगणार नाही, गप्प बसतील. लगाम हातात घेऊन विचार, हा कुठून आणला. नाल दाखवून विचार, नालबंद कोण होता, आता कोण येतो, वाळूत पळायच्या घोड्याची नाल डांबरीवर चालणाऱ्यापेक्षा वेगळी ठोकतात का. घोडा घेताना अंगावरच्या केसांचे भोवरे बघतात, गळ्यावरचा देवमण म्हणजे शुभ मानलेला भोवरा बघतात, ते बाबांना कोणी शिकवलं? हे भोवऱ्यांचं शास्त्र संस्कृत अश्वशास्त्राच्या पोथ्यांत आहे आणि सारंगखेड्याच्या बाजारात आजही घोड्याची किंमत त्यावर ठरते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र चित्रांसकट छापलंय, ती चित्रं बाबांसमोर ठेव आणि नुसतं ऐकत बस. वाळूचंही विचार, भरती उतरल्यावर किती वेळाने ती शर्यतीला घट्ट होते, कुठल्या तिथीला ओहोटी लांब जाते, दिवस कोण ठरवतं. तिथीचं गणित नि शर्यतीचा दिवस यांचा मेळ घालणारं रेसिंगचं पुस्तक तुला कुठल्याही लायब्ररीत सापडणार नाही.

बाबांसारखी अजून आठ-दहा माणसं गाठ. बैलवाली पण. त्यांच्याकडे एक मोठा भाग आहे जो टाळू नकोस, बंदीचा. सुप्रीम कोर्टाने ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यती बंद केल्या, राज्याने २०१७ ला कायदा बदलला तरी कोर्टात अडकलं, मग १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा कायम ठेवला. मधल्या सात-साडेसात वर्षांत त्या बैलांचं काय झालं, कोणी विकले, कोणी तसेच दारात पोसले, पोरं दुसऱ्या कशात गेली का, हे कोणीतरी लिहायला हवं. आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या, त्या २०१५ ला हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या, त्यांचे घोडे नि माणसं कुठे गेली हेही विचारून बघ, एखादा घोडा खाडी ओलांडून तुमच्याकडे आला असेल तर तो धागा सोडू नको.

चाबकाचं, पराणीचं, शेपटी पिरगाळण्याचं पण लिही. आपल्या माणसांचं आहे म्हणून झाकायचं नाही. कोर्टात जे प्राण्यांच्या बाजूने उभे राहिले ते उगाच राहिले नाहीत, मी लहानपणी बैलाच्या अंगावर उठलेले वळ बघितलेत आणि ते अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. बाबा राजाला कसे वागवतात हे तुला माहितेय, पण सगळेच बाबांसारखे नसतात हेही तुला माहितेय. दोन्ही लिहिलंस तरच वाचणारा विश्वास ठेवेल.

इथल्या कपाटांकडे वळते, कारण बाहेरच्यांना विचारण्याआधी आपली बघितलेली असावीत. मुंबईला बीएनएचएसची, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची, लायब्ररी आहे, संस्था १८८३ची, सुरुवातीचे कितीतरी मेंबर शिकारीच होते, त्यांच्या जर्नलमध्ये शिकारीच्या, रानडुकरांच्या, माशांच्या नोंदी भरलेल्या आहेत आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आहे. १८२८ ते १८३३ मध्ये मुंबईत चक्क शिकारीचं नि घोड्यांचं इंग्लिश नियतकालिक निघायचं, ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन, त्यात भाला घेऊन घोड्यावरून रानडुकराच्या मागे दौडणाऱ्या साहेबांच्या हकिकती आहेत. त्यात हाकाऱ्याला गेलेली गावची माणसं शोध, एखाद्या वाक्यात दिसतील आणि गायब होतील. कुलाबा आणि जंजिऱ्याचं १८८३चं गॅझेटियर तुझ्या कॉलेजातच असेल, नसेल तर ऑनलाइन आहे. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दफ्तर, पण त्यासाठी मोडी लिपी यायला हवी. मोडी शीक. दोन-तीन महिन्यांचे क्लास असतात, ऑनलाइनसुद्धा. पागेचे हिशोब, चंदीचे हिशोब, शिलेदार-बारगीरांचे कागद मोडीतच आहेत, आणि मोडी येते हे अर्जात लिहिलेलं असलं की बाकीच्यांपेक्षा तू वेगळी दिसतेस. मासेमारीचा कोपरा घ्यावासा वाटला तर चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा बाराव्या शतकातला मानसोल्लास बघ, त्यात राजाच्या करमणुकींत गळाने मासे धरण्यावर अख्खा भाग आहे, कुठल्या माशाला कुठलं आमिष हेसुद्धा, घोड्यावरून चेंडू खेळण्याचंही आहे. फील्ड स्पोर्ट्स साहेबांनी आणले असं कोणी म्हणालं तर हे दाखव.

पैशाचं. सीएचबीच्या मानधनावर हे सगळं होणार नाही हे मला कळतं, आणि तेही वेळेवर मिळत नाही. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप आहे, २५ ते ४० वयाच्या पदवीधरांसाठी, महिना १०,००० असे दोन वर्षं, त्याला पीएचडी लागत नाही, लोककला-लोकपरंपरेचा विषय तिथे बसतो, रेकॉर्डिंगचं काम त्यातून निघेल. तुझ्या वयाला ती अगदी जवळची आहे. पीएचडीला नाव घातलंस तर नेट परीक्षा काढून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप, सध्या महिना ३७,०००, आणि नेट नाही निघालं तर जातीच्या प्रवर्गाप्रमाणे सारथी, महाज्योती किंवा बार्टी या राज्याच्या संस्था, आपली पोरं यांच्या फेलोशिपवर पीएचडी करताहेत, लाजायचं काही कारण नाही. बाहेरचं म्हणशील तर मिडलबर्ग एकच नाही. लंडनचं पॉल मेलन सेंटर आणि अमेरिकेत येलचं ब्रिटिश आर्टचं सेंटर, दोन्हीकडे संशोधकांसाठी ग्रँट नि फेलोशिप आहेत, दोन्ही पॉल मेलन यांच्या देणगीतून उभी राहिलेली, हे मेलन गृहस्थ स्वतः घोडेवाले, रेसचे घोडे पाळायचे आणि इंग्लिश घोड्यांची चित्रं जमवायचे, त्यामुळे तिथे घोडा हा विषय कोणाला चमत्कारिक वाटत नाही. थोड्या दिवसांसाठी लंडनला जाऊन कागद बघायचे तर चार्ल्स वॉलेस ट्रस्टची मदत भारतीयांसाठीच आहे. पीएचडी सुरू झाल्यावर फुलब्राइट-नेहरू. माझा सल्ला, आधी इथली एक, मग बाहेरची. वर्षभराचं रेकॉर्डिंग हाताशी असलेली मुलगी आणि नुसती इच्छा असलेली मुलगी यांचे अर्ज शेजारी ठेवले तर कोणता उचलतील तूच सांग.

इंग्लिशचं फार मनावर घेऊ नकोस. आधी मराठीत दोन पानं लिही, तू मला लिहिलंस तशीच सरळ, मग स्वतः इंग्लिश कर, मोडकंतोडकं झालं तरी चालेल, आणि मग एखाद्या इंग्लिशच्या मॅडमकडून व्याकरण तपासून घे. विकत लिहून घेऊ नको, मशीनकडून पण सगळं लिहून घेऊ नको. तोबरा, चंदी, मोतद्दार हे शब्द तसेच ठेव, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांग आणि पुढे वापर, हे शब्द हीच तुझी पुंजी आहे. बोलण्याचं तिथे राहिलीस की दोन महिन्यांत सुटतं, लायब्ररीत तसंही दिवसभर गप्पच बसायचं असतं. शिफारसपत्रं दोन लागतील असं धर, एक सरांचं घे, हो त्याच सरांचं, त्यांना रागावून सोडू नको, फील्ड स्पोर्ट्सचा अर्थ शांतपणे समजावून सांग, माणूस ऐकेल. दुसरं पत्र तुझं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणाचं तरी असू दे.

राहिली आई. आईला मी काही नावं ठेवणार नाही, तिला काळजी आहे आणि तिच्या काळजीला तारीख हवीय. तिला सांग, फेलोशिप कायमची नसते, काही महिन्यांची असते, जायचं नि यायचं, राहण्याची सोय काय हे अर्ज करतानाच विचारून तिला दाखव. लग्न करू नको असं मी म्हणत नाही, पण स्थळ बघताना हे काम आहे असं आधीच सांगायचं, मागाहून नाही. ज्याला घोडागाडीवाल्याच्या मुलीने घोड्यांवर लिहिण्याची लाज वाटते त्याच्याशी जन्म काढणं कठीण जाईल ग तुला.

आणि बाबा जे म्हणाले ना, घोडा दारात असताना अमेरिकेत कशाला, ते चिडून म्हणाले असं मला वाटत नाही. त्यांना वाटलं असणार की मला जे येतं ते पोरीला शिकण्यासारखं वाटत नाही. म्हणून अर्जाआधी त्यांच्यापाशी बस. राजाला सकाळी खरारा करतात तेव्हा जा, बादली तू धर, आणि चंदीपासून सुरू कर. त्यांनी सांगितलेलं जे आठ-दहा मिनिटांचं पहिलं रेकॉर्डिंग होईल ते शब्दान् शब्द कागदावर उतरव, त्यांच्या बोलीत, हाय ते हाय आणि नाय ते नाय, शुद्ध करायला जाऊ नको, आणि मला पाठव. पंचवीस पुस्तकांची यादी पण. दोन्ही आलं की तुझं प्रपोजल मी स्वतः वाचीन, लाल पेनाने. पाऊस उघडल्यावर एकदा दाभोळला ये, बाबांनाही आण, जेट्टीवर उभं राहून ही खाडी बघितली की गलबतातून घोडा किनाऱ्याला कसा उतरवत असतील हे मला कधी नीट उमगलेलं नाही, ते बाबांना विचारायचंय मला.